अर्धा पगार, चार आवाज

काम न करता पगार मिळण्याचा मान आमच्या घराण्यात पहिल्यांदा मला मिळाला. तो घालवण्याचा मानही माझाच. माझा बाप आणि आजा तळ्यावर मासे धरणारे ढीवर. जाळ्यात मासा नाही त्या दिवशी चुलीवर हंडी नाही, इतका सोपा त्यांचा कारभार. मासा मिळाला नाही तर सरकार अर्धा मासा घरी आणून देईल, असं कुणी माझ्या आज्याला सांगितलं असतं, तर त्याने त्या माणसाच्या डोक्यावर गार पाणी ओतलं असतं.

मी मात्र शिकलेला. चौथी पास. चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि गावापासून तीन कोसांवर कोळशाची एक खाण चालू होती. चौथी पास असल्यामुळे मला खाली उतरून कोळसा फोडावा लागला नाही. वरच्या बत्तीघरात नोकरी मिळाली. पाळीवर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला बत्ती द्यायची आणि तो वर आला की परत घ्यायची. बत्त्या सगळ्या परत आल्या म्हणजे माणसं सगळी परत आली. हिशेब एवढाच, पण साहेब लोकांना तो एवढा महत्त्वाचा वाटे की बत्ती फुटली तर ते माणसापेक्षा जास्त हळहळत.

आमच्या गावातून खाणीवर जाणारे आम्ही चौघे. एक माझा मामा, आईचा सख्खा भाऊ. तो खाली कोळशाचे डबे ढकलायचा. दुसरा जावई. म्हणजे माझा नव्हे, गावातल्या एका घरी घरजावई म्हणून आलेला. सगळं गाव त्याला जावईच म्हणे, इतकं की त्याची बायकोही कधी चुकून तसंच म्हणायची. तिसरा माझा दोस्त. शाळेत आम्ही एका पाटीवर लिहायचो. तो दुसरीतून सुटला आणि पुढे खाली कोळसा फोडायला लागला, मी वर बत्त्या पुसायला लागलो. त्याला खोकला होता. आधी हिवाळ्यापुरता होता, मग बाराही महिने राहायला आला.

त्या वर्षी भादव्यात खाणीत पाणी शिरलं. माणसं वेळेवर वर आली, पाणी काही वर आलं नाही. पंप लावला तर तोही बंद पडला. त्याचा एक भाग कलकत्त्याहून यायचा होता. कलकत्ता किती लांब आहे हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं, त्या साली चांगलं समजलं. तो भाग यायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात माणूस चालत काशीला जाऊन परत आला असता.

मग एक दिवस नोटीस लागली. इंग्रजीत होती, म्हणजे आमच्यासाठीच होती. हाजरीबाबूने ती समजावून सांगितली. हा बाबू आमच्याच मुलखातला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मान कायम हजेरीपटात.

"घाबरू नोका," तो म्हणाला. "याले ले-ऑफ म्हंते. नवा कायदा हाये. काम बंद हाये तवरक अर्धा पगार भेटल."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फसवणूक कुठून येते ते कळेना.

"पण रोज सकाळी भोंग्याले इथी हाजर राहा लागल," बाबू म्हणाला. "नाव पुकारलं का हाजर म्हणा. मंग दोन घंटे बसा. काम नाई निंघालं त घरी जा."

मामाने डोकं खाजवलं. "काम नाई हे त आमाले मालूमच हाये ना बाबू. मंग तेच आयकाले रोज तीन कोस कायले यायचं?"

"कायदा हाये," बाबू म्हणाला आणि मान पुन्हा हजेरीपटात घातली.

तर असा आमचा नवा रोजगार सुरू झाला. पहाटे उठायचं, भाकर बांधायची, चिखल तुडवत तीन कोस जायचं, पुकारा झाला की 'हाजर' म्हणायचं आणि शेडमध्ये दोन तास बसून राहायचं. शेवटी बाबू उठून सांगायचा, "आज काम नाई." जणू काही ही ताजी बातमी होती. मग आम्ही तीन कोस परत. काम चालू असताना मी एवढा थकत नव्हतो.

पंधरा-वीस दिवस आम्ही चौघे इमानदारीने गेलो. मग एका सकाळी अर्ध्या वाटेवरच्या नाल्यापाशी माझा दोस्त खाली बसला. खोकून खोकून त्याचे डोळे लाल झाले होते.

"तू जाय बे," तो म्हणाला. "माह्याच्यानं नाई होत आज."

"खाडा पडल ना."

"पडू दे. मेल्यावर सगळेच खाडे पडते."

आम्ही तिघे पुढे गेलो. पुकारा सुरू झाला. बाबूने दोस्ताचं नाव घेतलं. कुणी बोललं नाही. बाबूने मान वर न करता दुसऱ्यांदा नाव घेतलं. आणि का कुणास ठाऊक, मी दोन माणसांच्या मागे सरकलो, तोंडावर पंचा धरून आधी दोनदा खोकलो, मग घसा दाबून म्हणालो, "हाजर जी."

बाबूची लेखणी हलली. दोस्त हजर झाला.

मला लहानपणापासून आवाज काढता यायचे. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे, मास्तरांचे, कोतवालाचे. पोळ्याच्या दिवशी लोक मला मुद्दाम बोलवायचे. पण या गुणाचा कंपनीच्या कामात उपयोग होईल असं मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी दोस्ताच्या घरी गेलो. तो ओसरीत पडला होता. त्याला सांगितलं, "आज तू हाजर होता."

तो कोपरावर उठून बसला. मग म्हणाला, "कसा खोकलो मी?"

"तुह्यापेक्षा बरा."

तो हसला, आणि हसता हसता त्याला खरा खोकला आला. त्याची बायको आतून पाणी घेऊन आली आणि मला म्हणाली, "भाऊजी, त्याईले हसवू नोका जी." तिला कशाबद्दल हसणं चाललंय ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो खाणीवर आलाच नाही. आला नाही म्हणजे रोज आला.

आता इथवर सांगितलं की मी फार दयाळू माणूस वाटतो. थोडं थांबा. चौथ्या दिवशी मामा वाटेत म्हणाला, "भासा, त्याचा आवाज तुले येते. माह्या येते का?"

"काऊन?"

"तळ्यावर जाळं टाकाचं हाये. गाळात मासा चांगला आला हाये. मी रोज इथी बसून काय करून राह्यलो?"

मामाचा आवाज काढणं सोपं. तो बोलतो तेव्हा शेवटचं अक्षर गिळतो. मी म्हणालो, "हाज." मामा खूश झाला. दुसऱ्या आठवड्यात जावई आला. सासऱ्याचा धान निंदायचा होता आणि सासरा रोज विचारायचा की दिवसभर जाऊन बसायचं ही कुठली नोकरी. जावयाचा आवाज बारीक, बाईमाणसासारखा. तो मी नाकातून काढला. मोबदला म्हणून मामाकडून रोज मासे आले, जावयाकडून कधी काकडी, कधी पडवळ. मी दोन्ही घेतलं. नाही म्हणालो नाही.

तर आता मी एकटाच तीन कोस जाऊ लागलो आणि चौघे हजर होऊ लागले. कंपनीला मी जेवढी माणसं दिली तेवढी दुसऱ्या कुणीच दिली नसतील. शेडमधल्या बाकीच्या लोकांना हे कळलं, आणि कुणी चहाडी केली नाही. उलट काही जण लवकर यायला लागले. पुकारा सुरू झाला की ते मला जागा करून देत. मामाच्या वेळी खांबामागे, जावयाच्या वेळी दाराजवळ, दोस्ताच्या वेळी अगदी मागे, कारण खोकला लांबून आला की खरा वाटतो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. बत्ती पुसताना माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बाबूला कळत नव्हतं का? मला तेव्हा वाटायचं, नाही कळत. तो मान वर करत नव्हता. मी त्याला भोळा समजत होतो. पुढे एकदा चांद्याच्या बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "पह्यल्या दिवशीच वळखलं होतं मी. तो बिमार माणूस येवढ्या ताकदीनं कसा खोकलन?" मग म्हणाला, "वर पाह्यलं असतं त लिवा लागलं असतं. म्हून नाई पाह्यलं." अशा माणसांनाच साहेब लोक भोळं समजतात आणि नोकरीत ठेवतात.

कार्तिक लागला. धान कापणीला आला. पंपाचा भाग येणार, येणार म्हणून तीन वेळा बातमी आली. एका सकाळी मी निघालो आणि दोस्ताच्या दारावरून जाताना त्याच्या बायकोला चूल पेटवताना पाहिलं.

"कसा हाये?" मी विचारलं.

"रातभर बसूनच होते. आता डोया लागला."

"झोपू दे," मी म्हणालो आणि गेलो. आत डोकावलो नाही. उशीर होत होता. तीन माणसांचा मला उशीर होत होता.

त्या दिवशी शेडमध्ये गर्दी जास्त होती. पंपाचा भाग खरंच आला होता आणि मॅनेजर साहेब स्वतः बाबूच्या टेबलापाशी उभे होते. साहेब बाहेरमुलखातले, हिंदी बोलायचे, आणि डोक्यावर कायम टोपी. साहेब असताना नको, असं शेजारच्याने मला खुणेने सांगितलं. पण तीन लोकांचा खाडा एकदम पडला असता, आणि खरं तर साहेबांसमोर जमतं का हेही पाहायचं होतं. खांबामागून मामा हजर झाला. दारापाशी जावई. मग दोस्ताचं नाव आलं. मी दोनदा खोकलो, थांबलो, तिसऱ्यांदा थोडा दम लागल्यासारखा खोकलो, आणि म्हणालो, "हाजर जी." साहेबांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला इतका अभिमान वाटला.

अर्ध्या तासाने गावाकडून एक सायकल आली. दोस्ताचा धाकटा भाऊ. तो मला शोधत नव्हता, तो सरळ टेबलापाशी गेला. मी मागे होतो, त्याला हात करेपर्यंत तो बोलून बसला.

"बाबूजी, माह्या भाऊ वारला जी. सकाळीच गेला. त्याचं नाव काटा."

बाबूने नाव विचारलं. त्याने सांगितलं. बाबूने हजेरीपटात पाहिलं आणि मग, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, मान वर केली.

साहेबांनी विचारलं, "कब मरा?"

"पहाटे जी. सूर्य निंघाच्या पह्यले."

साहेबांनी पटावर बोट ठेवलं. "ये तो अभी हाजिर है."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझा दोस्त मेला. आणि मी खोटं सांगणार नाही, पहिला विचार त्याचा आला नाही. पहिला विचार आला, आता नोकरी गेली. दुसरा विचार आला की मी पाहिलं तेव्हा तिने चूल पेटवली होती, आणि ती म्हणाली होती डोळा लागला. तिसऱ्या विचारापर्यंत मी खाली बसलो होतो.

"किसने जवाब दिया?" साहेब ओरडले.

सगळे पायाकडे पाहत होते. त्याच्या भावालाही आता काहीतरी समजलं. तो वळून माझ्याकडे पाहू लागला. मी उठलो. म्हणालो, "म्या देल्ला." माझ्या स्वतःच्या आवाजात. त्या दिवशी तो जरा फाटका निघाला.

मग मी सायकलवर मागे बसून गावाला गेलो. दोन तास पुरे व्हायचे होते, परवानगी घेतली नव्हती. भाऊ सायकल मारत होता आणि मध्येमध्ये रडत होता. एकदा चढावर उतरून चालताना त्याने विचारलं, "तू सकाळी काऊन नाई पाह्यलं आत जाऊन?" मी म्हणालो, "उशीर होत होता." तो पुन्हा सायकलवर बसला.

मातीला मामा आणि जावई दोघेही होते. खाणीवर काय झालं ते मी त्यांना नदीवरून परतताना सांगितलं. जावयाचा चेहरा पांढरा पडला. मी मनात ठरवत होतो की दोघांनाही सांगायचं, माझं एकट्याचं नाव घ्या, तुम्हाला काही माहीत नव्हतं म्हणा. तसं बोलायचं मी पक्कं केलं होतं. पण प्रेताला नुकतीच माती दिली होती, वेळ बरी नव्हती, म्हणून म्हटलं, चौकशीच्या दिवशी सांगू.

आठ दिवसांनी चौकशी झाली. आरोपपत्र आधी मिळालं, पुन्हा इंग्रजीत. बाबूने वाचून दाखवलं. दुसऱ्याच्या नावाने हजेरी दिली, एक. कंपनीची फसवणूक केली, दोन. परवानगीशिवाय जागा सोडली, तीन. तिसऱ्याचं मला हसू आलं. मेलेल्या माणसाच्या मातीला जायला कुणाकडून सुट्टी मागायची होती? त्याच्याकडूनच मागितली असती तर तो हजर होताच की.

साहेबांच्या खोलीत टेबल होतं. टेबलामागे साहेब बसले होते. तक्रार साहेबांची, पुरावा साहेबांचा, निवाडाही साहेबांचाच. एक माणूस इतकी कामं करत होता आणि शिक्षा मला होणार होती, चार माणसांचं काम केल्याबद्दल.

मामा आणि जावयाला आत बोलावलं. मी तोंड उघडणार तोच जावई बोलला, "मले काई मालूम नाई जी. मी बिमार होतो. यानं काऊन माह्या आवाज काढला मले मालूम नाई." मग मामा म्हणाला, "माह्यंही तसंच." शेवटचं अक्षरही त्याने गिळलं नाही, स्पष्ट बोलला.

मी जे सांगायचं ठरवलं होतं तेच त्यांनी सांगितलं, फक्त मला मोठं व्हायला वेळ दिला नाही. माणूस मनात एवढं मोठेपण जमवून ठेवतो आणि लोक त्याला ते खर्च करू देत नाहीत, याचा राग किती येतो, ते मला त्या दिवशी कळलं. दोघांना ताकीद देऊन सोडलं.

"अब तुम," साहेब म्हणाले. "आवाज निकालके दिखाओ."

"कायले साहेब?"

"कागज पे लिखना है कि कैसे किया."

मी मामाचा काढला. बाहेर खिडकीपाशी लोक जमले होते, ते हसले. जावयाचा काढला. साहेबांनी मिशीवर हात ठेवला, म्हणजे तेही हसत होते. वाटलं, एवढ्यावर सुटतो की काय.

"और जो मर गया उसका?"

मी खिडकीकडे पाहिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. बाबू म्हणाला, "राहू द्या साहेब." साहेब म्हणाले, "कागज पे लिखना है."

मी काढला. दोनदा खोकलो, थांबलो, दम घेतला, "हाजर जी." चांगला काढला. इतका चांगला की खिडकीतलं हसणं थांबलं. मी नको म्हणायला हवं होतं. फार तर नोकरी गेली असती, ती तर जाणारच होती. पण सवयीने काढला, आणि मन लावून काढला. या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते. मामाकडून घेतलेल्या माशांची नाही, जावयाच्या पडवळाची नाही, याची.

साहेबांनी लेखणी उचलली. "इसका भी नाम लिखो. धोखा इसने भी किया."

तेव्हा मी बोललो. दोस्ताच्या बायकोच्या हाती त्याचा जमा फंड यायचा होता, तोही अडकला असता. मी म्हणालो, "त्याले मालूम नोहोतं साहेब. तो घरी बिमार पडून होता. म्या माह्या मनानं केलं." हे पूर्ण खोटं होतं. तो रोज संध्याकाळी विचारायचा, आज मी कसा खोकलो.

"क्यों किया?"

"मले आवाज काढता येते म्हून," मी म्हणालो. दुसरं कारण साहेबांना पटलं नसतं.

ते लिहून झालं आणि खाली मी सही केली. चौथी पास असल्यामुळे अंगठा लावावा लागला नाही.

खोलीबाहेर आल्यावर बाबूने मला बाजूला घेतलं. "त्याच्या साठी कायले खोटं बोललास? मेलेल्या माणसाले नोटीस देता येत नाई. त्याची सही लागते नोटीसवर. साहेब काईही बोलले तरी त्याच्यावर काईच झालं नसतं." मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. तो म्हणाला, "तू इचारलं नाई."

असं माझं एकुलतं एक पुण्यकर्मही फुकट गेलं.

गैरवर्तनाबद्दल कामावरून कमी. ज्याचं गैरवर्तन त्याला अर्धा पगार नाही, पुढची भरपाई नाही, काही नाही. काम बंद असलेल्या खाणीतून मला काढून टाकलं. नसलेल्या कामावरून काढलं जाणं हेही सगळ्यांना जमत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. थांबली नाही. मी सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे आता रोज जा लागणार नाई तिकडं?"

"नाई."

"मंग सरपण आणा. घरात एक काडी नाई." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी तिच्याकडं जाऊन आले का?"

दोस्ताच्या बायकोकडे मी मातीनंतर गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी गेलो. तिने बसायला गोणपाट दिलं. मी म्हणालो, मला माफ करा वयनी, त्या सकाळी मी आत यायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "आले असते तरी काय केलं असतं जी? मलेच नाई समजलं. चूल पेटवून पाणी घेऊन गेली तवा समजलं." मग ती म्हणाली, "ते मले सांगत होते सगळं. रोज हसत होते. दोन महिने त्याईले तेवढंच हसू होतं." ती उठून चुलीकडे गेली. मीही उठलो. फंड तिला मिळाला, होळीच्या आधी, बाबूने स्वतः कागद फिरवले.

मी चांद्याच्या सरकारी लेबर ऑफिसातही गेलो. तिथला साहेब भला माणूस. त्याने चहा पाजला, कायद्याचं पुस्तक उघडलं, बोट फिरवत एक पान शोधलं आणि मला विचारलं, "हजेरी तुम्ही दिली?"

"हो."

"चौघांची?"

"हो."

"कबूल केलंत?"

"सही केली."

त्याने पुस्तक मिटलं. मग सहज कुतूहलाने विचारलं, "कसे काढत होता हो आवाज?" मी म्हणालो, "आता येत नाही." चहा संपवला आणि तीन कोसांपेक्षा बरंच लांब चालत घरी आलो.

होळीनंतर खाण कायमची बंद झाली. पंप लागला, पाणी उपसलं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की खालचा कोळसा उपसण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. बाकी सगळ्यांना घरी पाठवलं आणि कायद्याप्रमाणे भरपाई दिली. मामाला मिळाली, जावयाला मिळाली. जावयाने सासऱ्याच्या घरापासून वेगळं छप्पर घातलं. त्यानंतर लोक त्याला नावाने हाक मारू लागले. मला वाटतं, खाणीने कुणाचं खरं भलं केलं असेल तर त्याचं.

मामा माझ्या दाराशी येईना. मीही जात नव्हतो. वाटेत भेटलो तर तो बैलांकडे बघायचा आणि मी झाडांकडे. वैशाखात तळ्याचं पाणी उतरलं तेव्हा तो एका सकाळी आला आणि अंगणातूनच म्हणाला, "डोंग्यात एक माणूस कमी पडून राह्यला." माझ्या बायकोने आतून माझ्याकडे पाहिलं. मी गेलो. रागाने गेलो, पण गेलो. घरात तांदूळ संपत आले होते.

आठ-दहा दिवस आम्ही त्या डोंग्यात, एवढ्याशा होडीत, बसून एकमेकांशी बोललो नाही. जाळं ओढायला बोलावं लागत नाही. एके दिवशी मामाच म्हणाला, "त्या दिवशी म्या खोटं बोललो."

"मालूम हाये."

"भेव वाटलं."

"मी तेच सांगणार होतो तुमाले," मी म्हणालो. "माह्यं नाव सांगा, तुमी वाचा, असं. ठरवून आलो होतो."

मामाने जाळं ओढायचं थांबवलं. "मंग काऊन नाई सांगतलं?"

"तुमी वेळच नाई देल्ला."

मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "आता सांग."

मला वाटलं थट्टा करतोय. पण नव्हता करत. मी म्हणालो, "मामा, माह्यं नाव सांगा. तुमी वाचा."

"बरं," मामा म्हणाला आणि जाळं ओढायला लागला. त्या दिवशी मासा बेताचाच मिळाला.

पावसाळ्यानंतर धानोऱ्याच्या बाजूला एका ठेकेदाराच्या लाकूड डेपोवर माणूस पाहिजे अशी बातमी आली. लिहिता-वाचता येणारा पाहिजे होता. आधी कुठे काम केलं ते ठेकेदाराने विचारलं. मी खाणीचं नाव सांगितलं. का सोडलं, म्हणाला. खाण बुडाली, म्हणालो. हे अर्धं खरं होतं, आणि अर्ध्यावर मी बरेच दिवस काढले होते. त्याने ठेवून घेतलं. जंगलातला डेपो, चारी बाजूंनी साग आणि बांबू, बाजार आठवड्यातून एकदा. माझी बायको कोंबड्या सोडून यायला तयार होईना, म्हणून बैलगाडीत आधी त्यांच्या टोपल्या चढल्या, मग भांडी, मग ती, आणि उरलेल्या जागेत मी.